शाईच्या डागात वडील दिसले नाहीत, मग?

वाचकाचं पत्र (थोडं आटोपून):

"माझं वय ३९. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे, वडिलांनी उभा केलेला. दोन वर्षांपूर्वी ते हार्ट अटॅकनं गेले. आदल्या संध्याकाळी आमची वादावादी झाली होती. जुने माग मोडीत काढून कर्जावर रॅपियर (धोट्याविना चालणारे नवे माग) घ्यावेत असं माझं म्हणणं, आणि मालक काही कर्जाच्या कागदावर सही करायला तयार नव्हते. वर्षभरापासून चेकवर सही करताना माझा हात थरथरतो. सही जुळत नाही म्हणून दोन चेक परत आले. जेवताना, गाडी चालवताना, अगदी मालाच्या चलनावर सही करतानाही काही होत नाही. न्यूरॉलॉजिस्टनी तपासलं, रिपोर्ट नॉर्मल आले, आणि त्यांनी सात रस्त्याजवळच्या एका मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला जातो. गाडी मागच्या गल्लीत लावतो. आमच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, कोणी बघितलं तर उगाच चर्चा. ते म्हणतात, मनात येईल ते बोला. मी अर्धा तास सुताच्या भावाबद्दल बोललो आणि आठशे रुपये देऊन आलो. शाईचे डाग दाखवले, त्यात मला वटवाघूळ आणि दोन बायका दिसल्या. अर्धवट वाक्यं पुरी करायला दिली. स्वप्नं विचारली. मला एकच स्वप्न सारखं पडतं: कारखान्यात सगळे माग चालू आहेत, पण एकावरही सूत नाही, धोटा नुसताच फिरतोय, नायना (आमच्यात वडिलांना म्हणतात) लांबून तेलुगूत काहीतरी ओरडतात आणि खटखटाटात मला ऐकू येत नाही. मानसशास्त्रज्ञ वहीत लिहीत असतात तेव्हा माझा हिशेब तपासतायत असं वाटतं. महिनाभर झालं, मला दर वेळी दहा-पंधरा मिनिटं उशीरच होतोय. आता मेहुणे म्हणतात, पुण्याहून एक जण येणार आहे, संमोहन करून दोन बैठकीत अंतर्मनातलं मूळ कारण बाहेर काढतो, लागलं तर मागच्या जन्मातलंसुद्धा. पंधरा हजार. आई म्हणते कुणाची तरी करणी आहे, देवऋषीला दाखवू. हे अंतर्मन खरंच असतं का? असलं तर त्यातलं लवकर बाहेर काढायचा मार्ग कोणता?"
— एक वाचक, सोलापूर

नमस्कार.

आधी पुण्याच्या गृहस्थांचं बघू, कारण मेहुण्यांनी तुमचं नाव घालायच्या आत हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचायला हवं. जाऊ नका. पैसे भरले असतील तर परत मागा, नाही मिळाले तर अक्कलखाती टाका, पण त्या खुर्चीत बसू नका.

संमोहन म्हणजे सगळं थोतांड असं मी म्हणत नाही. प्रशिक्षित डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ ते वेदनेसाठी, आतड्याच्या काही तक्रारींसाठी, चिंतेसाठी वापरतात आणि गुणही येतो. बिघडतं ते आठवणी 'बाहेर काढण्या'साठी वापरलं की. खरं तर अंतर्मनावरच्या उपचारांची सुरुवात संमोहनातूनच झाली. १८८५ साली फ्रॉइड, पुढे मनोविश्लेषणाचा जनक ठरलेला व्हिएन्नाचा डॉक्टर, पॅरिसला शार्को या मज्जाविकारांच्या नामांकित डॉक्टरकडे शिकायला गेला. नुसत्या शब्दांनी माणसाचा हात लुळा पाडायचा आणि शब्दांनीच परत हलवायचा, हे त्यानं तिथं डोळ्यांनी पाहिलं. व्हिएन्नाला परतल्यावर त्यानं स्वतः संमोहन वापरलं आणि काही वर्षांत सोडूनही दिलं. सगळ्यांना ते लागत नाही, लागलं तरी गुण टिकत नाही, आणि माणूस सुधारतो तो पुष्कळदा डॉक्टरच्या शब्दाला मान देऊन, हे त्याच्या ध्यानात आलं. ज्या वाटेनं जाऊन तो सव्वाशे वर्षांपूर्वी परत फिरला, तीच वाट तुम्हाला आज नवा शोध म्हणून विकली जातेय.

दुसरी अडचण आठवणीचीच आहे. १९९५ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकारी बाईंनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार घटना लिहून दिल्या. तीन खऱ्या, घरच्यांना विचारून घेतलेल्या. चौथी बनवलेली: तुम्ही पाच वर्षांचे असताना मोठ्या दुकानात हरवला होता. साधारण चौथ्या हिश्श्याला ही न घडलेली घटना पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. संमोहन नव्हतं, दमदाटी नव्हती, नुसतं लिहून दिलेलं. संमोहनात तर माणसाची खात्री तेवढी वाढते, आठवणीचा खरेपणा वाढत नाही. मागच्या जन्माबद्दल तर बोलायलाच नको, त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. दोन बैठकीत तुम्हाला वडिलांबद्दल काहीतरी नक्की 'आठवेल', आणि ते पुढे जन्मभर खऱ्यासारखं सोबत राहील. त्यात काही वाईट निघालं तर खरं-खोटं कोणाला विचारणार? ज्यांना विचारायचं ते तर गेले.

(नार्कोचं इंजेक्शन घेतलं तर, असंही अनेक जण विचारतात. बातम्यांची कृपा. त्या औषधानं जीभ सैल होते, खरं आणि कल्पना वेगळं होत नाही. संमतीशिवाय अशी चाचणी कोणावरही करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सेल्वी खटल्यात सांगितलंय. उपचार म्हणून तर त्याचा विचारही करू नका.)

आता तुमचा मूळ प्रश्न. अंतर्मन खरंच असतं का? जिनिव्हाच्या क्लापारेद नावाच्या डॉक्टरांनी १९११ साली एक प्रसंग लिहून ठेवलाय. त्यांच्याकडच्या एका बाईंच्या नवीन काहीच लक्षात राहत नसे. रोज भेटणारे डॉक्टरही रोज नवे. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून बाईंशी हस्तांदोलन केलं. (आज कोणी असं केलं तर त्याची नोंदणी जाईल.) बाई टोचलेलं विसरल्या. पण पुढे डॉक्टरांनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा त्यांनी आपला हात मागे घेतला. का घेतला, ते त्यांना धड सांगता येईना.

आपल्याला पत्ता नसताना मन बरंच काही करत असतं, याबद्दल आज फारसं दुमत नाही. वाद पुढचा आहे. तिथं दडपलेल्या इच्छा आणि भांडणं फ्रॉइड म्हणतो तशीच असतात का, आणि असली तर कळायची कशी? या वादाला शंभर वर्षं उलटून गेली, तो तुमच्या-माझ्यानं मिटायचा नाही. तुमच्यापुरतं एवढं पुरे: हात तोच, पेन तेच, सहीही तीच, आणि तरी चलनावर थरथरत नाही ती चेकवर थरथरते.

"मनात येईल ते बोला." ऐकायला सोपं, करायला महाकठीण. फालतू वाटलं, लाजिरवाणं वाटलं, विषय सोडून वाटलं तरी गाळायचं नाही, एवढाच त्याचा नियम. या पद्धतीला मुक्त साहचर्य म्हणतात. फ्रॉइड तिच्याकडे वळला त्यात त्याच्या एका रुग्णबाईचाही वाटा होता. सारखं हे कुठून आलं, ते कुठून आलं असं विचारू नका, मला काय सांगायचंय ते सांगू द्या, असं तिनं त्याला सुनावलं होतं. आणि त्यानं ऐकलं, हे विशेष.

अर्धा तास सुताच्या भावावर गेला याची तुम्हाला लाज वाटतेय. मला तर तो वाया गेलेला वाटत नाही. तुमच्या कारखान्यात सुताची खरेदी आधी कोण करायचं? भाव चुकला तर रात्री जेवताना काय व्हायचं? बोलता बोलता तुम्ही नेमके कुठे थांबलात? समोर बसलेल्या माणसाला भावाशी देणंघेणं नसतं. विषय अचानक कुठे बदलला, एकाच माणसाबद्दलची तक्रार तीनदा कशी आली, गळा कुठे दाटला किंवा हसू कुठे आलं, याकडे त्याचा कान असतो. युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं तर झुरिकच्या इस्पितळात हे घड्याळ लावून मोजलं होतं. शंभर शब्दांची यादी, एकेक शब्द ऐकायचा आणि पहिला सुचेल तो शब्द बोलायचा. जिथं माणूस नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो किंवा शब्दच परत विचारतो, तिथं खूण करून ठेवायची.

नमुना म्हणून तुमच्याच पत्राकडे बघा. सुरुवातीला तुम्ही 'वडील' लिहिलंय. स्वप्न सांगताना 'नायना'. फक्त भांडणाच्या वाक्यात ते 'मालक' झालेत. कामगार, जॉबर, सूतवाले सगळेच त्यांना मालक म्हणत असणार, तुमच्याही हातून ते सहज उतरलं असेल. त्याचा अर्थ मला माहीत नाही. पण तुम्ही समोर असता तर मी तिथं थांबून "मालक?" एवढंच म्हटलं असतं आणि गप्प बसले असते. हो, त्या गप्प बसण्याचेच पैसे असतात.

तुम्ही म्हणाल, यात शोधायचं राहिलंय काय? वडिलांनी सही नाकारली, दुसऱ्या दिवशी ते गेले, आता मुलाचा हात सही नाकारतोय. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ते दिसलं असेल. मलाही दिसलं, आणि इतकं सरळ जुळतंय म्हणूनच माझा त्याच्यावर पटकन विश्वास बसत नाही. वडील जाऊन दोन वर्षं झाली आणि हात वर्षभरापासून थरथरतोय. मधलं एक वर्ष तुम्ही चेकवर नीट सह्या करत होता. मग वर्षापूर्वी काय घडलं? एवढ्या लांब पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. रॅपियर आले का? कर्ज मंजूर झालं का? जुने माग भंगारात गेले तो दिवस कसा गेला? मला कळवू नका. मंगळवारी सांगा.

आणि समजा, ते सरळ उत्तरच बरोबर निघालं, तरी मी ते इथं छापून तुमचा हात थांबणार नाही. रुग्णाला त्याच्या मनातलं गुपित पहिल्याच भेटीत तोंडावर सांगून मोकळं होणाऱ्या डॉक्टरांवर फ्रॉइडनं १९१० साली एक छोटा लेख लिहिला. दुष्काळात भुकेल्यांना जेवणातल्या पदार्थांची यादी वाटावी तसं हे आहे, असं तो म्हणतो. आपल्या जिल्ह्यात हे जास्त समजावून सांगायची गरज नाही. तुमचे मानसशास्त्रज्ञ अजून अर्थ सांगत नाहीत म्हणून तुम्ही वैतागलाय. मला मात्र त्यांच्याबद्दल त्यानंच बरं मत झालं.

शाईच्या डागांचं फार मनावर घेऊ नका. स्वित्झर्लंडच्या हेर्मान रोर्शाखनं १९२१ साली ते प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी तो वारला, सदतिसाव्या वर्षी. डाग दहाच आहेत, जगभर तेच: पाच काळे-करडे, दोन काळ्यात लाल, तीन रंगीत. काय दिसलं यापेक्षा कुठल्या भागात दिसलं, आकारावरून की रंगावरून, त्यात हालचाल होती का, हे नोंदलं जातं. वटवाघूळ पुष्कळांना दिसतं. याहून जास्त मी सांगत नाही, कारण उत्तरं पाठ करून गेलेल्या माणसाची चाचणी फुकट जाते. २००९ साली विकिपीडियावर दहाही डाग आले तेव्हा मानसशास्त्रज्ञांनी केवढा गहजब केला होता. या चाचणीच्या भरवशाबद्दल आमच्यातच मतभेद आहेत. माझं विचाराल तर बोलण्याला वाट फोडायला ती बरी, निदान तेवढ्यावर ठरवायला अजिबात नाही. अर्धवट वाक्यांचंही तसंच. 'माझे वडील' याच्यापुढे तुम्ही 'चांगले होते' लिहिलं असेल तर ते चूक नाही. नव्वद टक्के मुलगे तेच लिहितात, असं मी मोजलेलं नाही पण म्हणेन. अजून चित्रं दाखवली नसतील तर कदाचित दाखवतील. हार्वर्डमध्ये मरे आणि मॉर्गन यांनी १९३० च्या दशकात तयार केलेली कार्डं असतात, भारतीय चेहऱ्यांची आवृत्तीही निघाली आहे. चित्रावरून गोष्ट रचायची. एक कार्ड तर कोरं असतं. कोऱ्या कार्डावर लोक फार बोलतात.

स्वप्नाला मात्र वेळ द्या. एसटी स्टँडवर मिळणाऱ्या स्वप्नफळाच्या पुस्तकात माग आणि धोटा सापडणार नाही, आणि सापडला तरी उपयोग नाही. तुमच्या स्वप्नातल्या धोट्याचा अर्थ लावायला तुमच्याच आठवणी लागतात. पद्धत साधी आहे. स्वप्नाचे तुकडे करायचे. माग. सूत नसणं. लांबून ओरडणं. खटखटाट. एकेक तुकडा घ्यायचा आणि त्यावरून काय काय आठवतं ते बोलत जायचं. सूत नसताना माग चालू ठेवला तर नायना लहानपणी काय म्हणायचे? कारखान्यात त्यांचा आवाज कुठवर पोचायचा? मला एक गोष्ट खटकली: ऐकू येत नाही म्हणता, पण ते तेलुगूत ओरडतायत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तुम्ही तिथं सगळं मराठीत सांगत असणार. यापुढे वडिलांचं बोलणं आधी तेलुगूत, त्यांच्या ढंगात म्हणा, मग मराठीत सांगा. समोरच्याला कळलं नाही तरी चालेल, तुम्ही म्हणताना तुमचं काय होतं ते बघायचंय. सकाळी उठल्या उठल्या फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, दात घासून येईपर्यंत निम्मं स्वप्न उडून जातं.

स्वप्नातून जे निघेल ते ब्रह्मवाक्य नव्हे, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या आरन बेकनं फ्रॉइडच्या परंपरेत शिक्षण घेतलं होतं. नैराश्यात माणूस स्वतःवरच रागावलेला असतो ही फ्रॉइडची कल्पना सिद्ध करायला म्हणून त्यानं रुग्णांची स्वप्नं तपासायला घेतली. राग काही सापडला नाही. हरल्याचं, नाकारलं गेल्याचं, काहीतरी गमावल्याचं तेवढं सापडत गेलं. मग त्यानं ती वाट सोडली आणि १९६० च्या दशकात जागेपणीच्या विचारांवर काम करणारी पद्धत उभी केली. आज बोधात्मक वर्तन उपचार (सीबीटी) म्हणतात ते तिच्यातूनच आलेत. तुमच्या हातासाठी पुढे तेही लागतील: आधी कोऱ्या कागदावर, मग रद्द केलेल्या चेकवर, मग खऱ्या चेकवर सही, असा पायरीपायरीनं सराव. एकाच मानसशास्त्रज्ञानं दोन्ही वापरणं यात गैर काही नाही. तेच स्वप्न फार छळत असेल, झोप मोडत असेल, तर जागेपणी त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलून रोज थोडा वेळ मनात घोळवायचा, असाही उपाय आहे आणि वाईट स्वप्नांवर तो चांगला चालतो.

एवढं सगळं खरं, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ मला यांपैकी कशातच दिसली नाही. ती आहे वहीची. मानसशास्त्रज्ञ लिहितात तेव्हा तुम्हाला हिशेब तपासल्यासारखं वाटतं. संध्याकाळी कारखान्याची वही कोण तपासायचं, हे मी विचारत नाही. दुसरी गोष्ट, महिनाभर तुम्हाला उशीर होतोय. एमआयडीसीतून सात रस्त्याला यायला आधी वेळ पुरत होता, आता पुरत नाही. तिसरी, तुम्ही नाराज आहात, पैसे फुकट चालल्यासारखं वाटतंय, आणि हे तुम्ही मेहुण्यांना सांगितलंत, मला सांगितलंत, ज्यांना सांगायला हवं त्यांना सोडून.

जुन्या नात्यातला राग, भीती, आज्ञा पाळायची सवय माणूस नकळत समोर बसलेल्या डॉक्टरवर घालतो. आमच्या भाषेत याला संक्रमण (ट्रान्सफरन्स) म्हणतात. हे फ्रॉइडला सुरुवातीला नीट उमगलं नव्हतं. १९०० साली डोरा या टोपणनावाची अठरा वर्षांची मुलगी त्याच्याकडे यायची. अकरा आठवड्यांनी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ती उपचार सोडून निघून गेली. तिचा माझ्यावरचा राग मुळात दुसऱ्या कोणावरचा होता आणि तो मी वेळेत ओळखला नाही, अशी कबुली त्यानं १९०५ साली तिची हकीकत छापताना दिली. तेव्हापासून या उपचारात डाग, कार्डं, स्वप्नं यांच्यापेक्षा वरचं स्थान त्या खोलीत दोघांमध्ये काय घडतंय याला आलं. वडिलांशी कसं वागलो याची आठवण माणूस हवी तशी रंगवू शकतो. मंगळवारी सहा वाजता तुम्ही कसे वागता, ते तिथं प्रत्यक्ष घडत असतं. त्याला स्मरणशक्ती लागत नाही आणि संमोहनही लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी बसल्याबसल्या हेच सांगा. "तुम्ही लिहिता तेव्हा मला राग येतो. मला वाटतं यातून काही होत नाहीये. मी दुसरीकडे जायचा विचार करत होतो." शब्द तुमचे वापरा. घाम फुटेल. चांगला मानसशास्त्रज्ञ यावर दुखावला जात नाही, तो खुर्ची पुढे ओढून घेतो. आणि समजा ते चिडले, तुम्हालाच उपदेश करायला लागले, तर मग दुसरा माणूस शोधा; माझी काही हरकत नाही.

हे सगळं तिकडचं, आपल्याकडे चालतं का, असा प्रश्न तुमच्या आईंच्या बोलण्यामागे असावा. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. त्यांचा फ्रॉइडशी पत्रव्यवहार होता. आमच्याकडच्या रुग्णांत बाप-लेकाचं प्रकरण तुमच्या रुग्णांसारखं दिसत नाही, असं त्यांनी फ्रॉइडला कळवायला कमी केलं नाही. एकत्र कुटुंब, एकच गल्ला, बापाच्या नावावरचा कारखाना, हे कुठल्याही व्हिएन्नाच्या पुस्तकात नाही. ते तुम्हीच तुमच्या मानसशास्त्रज्ञांना समजावून सांगायचं.

आईंना सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचं असेल तर घेऊन जा, अंगारा लावला तर लावून घ्या. करणी काढतो म्हणून कोणी पैसे मागितले, मारहाण केली, अमक्यानंच केलंय म्हणून नातलगाचं नाव घेतलं, तर तिथून उठा. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण आईंशी भांडू नका. त्यांचाही माणूस गेलाय. त्या संध्याकाळी वडील घरी आल्यावर तुमच्याबद्दल काय बोलले, जेवले का, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय? पत्रावरून तरी वाटत नाही. मागच्या जन्मातून शोधून आणायला निघालेली माहिती कदाचित तुमच्या स्वयंपाकघरात असेल. मात्र एकदम विचारू नका. कधी आणि कसं विचारायचं, याची तयारी आधी मंगळवारी करा, कारण उत्तर हवं तसं येईलच असं नाही.

आता किरकोळ पण महत्त्वाचं. तुमच्या मानसशास्त्रज्ञांकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते बिनदिक्कत विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे ती असते, भिंतीवर लावलेलीही असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे थोडे अपवाद. आपल्या गावात एवढं तरी खात्रीचं आहे याचा आधार घ्या. साधारण किती दिवस लागतील आणि सुधारणा कशावरून ओळखायची, हेही बोलून घ्या. अनेक महिन्यांत काहीच हललं नाही तर तसं स्पष्ट म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

न्यूरॉलॉजिस्टचा नंबर टाकून देऊ नका. लिहितानाच हात आखडतो असा रायटर्स क्रॅम्प नावाचा आजार आहे. कित्येक वर्षं लोक तो मनाचा समजून मनात कारणं शोधत बसले. आज तो मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांमधला बिघाड म्हणून ओळखला जातो. तुमचा हात चलनावर ठीक चालतो म्हणून तो नसावा, पण उद्या इतर लिहितानाही थरथर व्हायला लागली तर ताबडतोब परत दाखवा. झोप अजिबात लागेना, जगावंसं वाटेना असं झालं तर मंगळवारची वाट बघायची नाही: सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा, नाहीतर १४४१६ ला फोन लावा. टेली मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

कामगारांचा पगार अडकू नये म्हणून खात्यावर पत्नीला किंवा भावाला सहीचा अधिकार देऊन ठेवा, मोठी देणी आरटीजीएसनं करा. फक्त आठवड्याला एखादा चेक स्वतःच्या सहीनं जाऊ दे, अगदीच सोडून दिलं की भीती वाढते. आणि चेक परत आले म्हणून बँकेतला माणूस नवी नमुना सही द्या म्हणाला, तर सध्या देऊ नका. थरथरत्या हाताची सही एकदा नमुना म्हणून चढली, की हात बरा झाल्यावर परत चेक बाउन्स व्हायला लागतील.